मुसाफिर शहाद्याला किती थांबला?

एका संगणक-अभियंत्याच्या आत्मचरित्रात शहादा भेटेल, अशी आमची अपेक्षा नव्हती. सोलापूर भेटेल, पवई भेटेल, काचेच्या इमारती आणि परदेशवाऱ्या भेटतील, हे पुस्तक उघडण्यापूर्वीच आम्ही गृहीत धरले होते. परंतु श्री. अच्युत गोडबोले यांच्या 'मुसाफिर'मध्ये गोमाईच्या काठचे आपले शहादाही आहे. शहादा तालुका धुळे जिल्ह्यात मोडत असे त्या काळात, म्हणजे १९७० नंतरच्या वर्षांत, आय.आय.टी.त शिकलेला हा तरुण तेथील भिल्ल आदिवासींच्या चळवळीत आला आणि त्यापायी दहा दिवसांचा तुरुंगवास भोगून गेला. पुढे तोच सॉफ्टवेअरच्या धंद्यात शिरला आणि पटणी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांत मोठमोठ्या जबाबदाऱ्या सांभाळून शेवटी मराठीतला लोकप्रिय लेखक झाला. धुळे-जळगावकडील वाचक ह्या पानांशी न थांबता पुढे जाणे कठीण. आम्ही दोनदा थांबलो. पहिल्या वाचनात अभिमानाने आणि दुसऱ्या वाचनात काहीशा तक्रारीने.

पुस्तक नवे नाही. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि त्यावर लिहिण्यासारखे बरेचसे लिहूनही झाले. तरीही आज त्याकडे वळण्याचे कारण घरगुती आहे. हे त्रैमासिक ज्या घरांत जाते, त्यांपैकी अनेक घरांतील एक मुलगा किंवा मुलगी आज पुण्याच्या हिंजवडीत अथवा खराडीत आहे. रविवारी रात्री जळगावच्या आणि धुळ्याच्या रस्त्यांवर पुण्याकडे निघालेल्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या उभ्या असतात. डब्यात कळण्याची भाकरी आणि पिशवीत केळी घेऊन ही मुले त्यांत चढतात आणि सोमवारी सकाळी संगणकापुढे बसतात. आईवडिलांना विचारावे तर, "तो कॉम्प्युटरमध्ये आहे," एवढेच उत्तर मिळते. जणू त्या पेटीचे झाकण उघडून मुलगा आत जाऊन बसला आहे! तो तेथे काय करतो, काय वाचतो, खिडकीतून त्याला कोणता पाऊस दिसतो, हे घरच्यांना ठाऊक नसते आणि तोही सांगत नाही. सांगण्यासारखे त्यात काय आहे, असे त्याला वाटते.

ह्याच मुलांपैकी एकाने दोन वर्षांपूर्वी आम्हांस एक वही वाचावयास दिली होती. तिच्याविषयी पुढे लिहावयाचे आहे. आधी छापील पुस्तक पाहू.

'मुसाफिर'चे गुण उघड आहेत आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. मराठी माध्यमातून शिकलेला सोलापूरचा एक हुशार मुलगा मुंबईच्या आय.आय.टी.त येतो, रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतो, वसतिगृहातल्या गप्पांतून पुस्तकांचे, संगीताचे आणि राजकारणाचे वेड लावून घेतो. हे सारे लेखक समोर बसून बोलावे तसे सांगतो. भाषेला ताठा नाही. स्वतःची फजिती, भीती, नोकरीतले अपयश, मनाचे आजारपण यांपैकी काही झाकून ठेवलेले नाही. पद आणि पैसा मिळविलेल्या माणसांची आत्मचरित्रे बहुधा सत्कारसमारंभासारखी असतात. हे तसे नाही. इंग्रजीच्या धाकाने खाली मान घालणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती हे पुस्तक अवश्य द्यावे. आम्ही स्वतः तीन प्रती वाटल्या. त्यांतील एक परत आली, दोन आल्या नाहीत. पुस्तकाला ह्याहून चांगले प्रशस्तिपत्र कोणते?

मात्र समीक्षकाला येथेच थांबून चालत नाही. पुस्तक वाचताना आम्हांस एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. श्री. गोडबोले यांची बुद्धी समजावून सांगणाऱ्याची बुद्धी आहे. 'किमयागार'मध्ये विज्ञान, 'अर्थात'मध्ये अर्थशास्त्र आणि 'मनात'मध्ये मानसशास्त्र त्यांनी सामान्य मराठी वाचकाच्या अंगणात आणून ठेवले, ते ह्याच बुद्धीच्या बळावर. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला जी शिस्त लागते, ती हीच असावी. मोठे काम घ्यावे, त्याचे लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याला नाव द्यावे, प्रत्येकाकडून एकेक काम करून घ्यावे आणि शेवटी सारे जोडावे. ज्या तुकड्याचे काम नाही तो काढून टाकावा. ज्ञान सांगण्यासाठी ह्याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाही. परंतु माणूस स्वतःचे आयुष्य सांगू लागला की हीच रीत त्याच्या आड येते. आयुष्यात ज्याचे काम नव्हते, तेच पुष्कळदा लक्षात राहिलेले असते.

उदाहरणच द्यावयाचे तर पुस्तकांतली पुस्तके घ्या. 'मुसाफिर'मध्ये पानोपानी वाचलेल्या ग्रंथांची, ऐकलेल्या गायकांची, भेटलेल्या थोरांची नावे येतात. ती खरी आहेत. लेखकाची भूक खरी आहे. परंतु एखादे पुस्तक रात्री दोन वाजता संपले तेव्हा खोलीत उकडत होते की पाऊस होता, शेजारचा मित्र घोरत होता की जागा होता, पुस्तक मिटल्यावर लेखक गॅलरीत उभा राहिला की पाण्याचा तांब्या शोधू लागला, हे क्वचितच कळते. नावे कळतात, वाचणारा माणूस मात्र त्या नावांच्या गर्दीत हरवतो. शहरांचेही तसेच होते. प्रवास पुष्कळ आहे, हवा कमी आहे.

आता शहाद्याकडे येऊ. आपल्यातील तरुण वाचकांसाठी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण ह्या भागात राहूनही अनेकांना तो ठाऊक नसतो. तापीकाठची काळी जमीन सुपीक. तेथे ऊस, केळी, कापूस, मिरची पिकते. ती कसणारे हात भिल्लांचे, सालदारांचे; म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाकडे राबणाऱ्यांचे. पूर्वजांच्या जमिनी ह्याच आदिवासींच्या हातून कर्जापायी आणि कागदपत्रांच्या करामतीमुळे गेल्या होत्या. १९७१ च्या मे महिन्यात शहादा तालुक्यात पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला आणि साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष तिकडे वळले. अंबरसिंग सुरतवंती हे त्या लोकांतूनच पुढे आलेले नेते. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत आणि भजनी मंडळाच्या वाटेने ते माणसे जोडीत. सर्वोदयी कार्यकर्ते आणि शहरांतून आलेले सुशिक्षित तरुण त्यांना येऊन मिळाले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. जमिनी परत मिळविणे, सालदारांची मजुरी वाढविणे, दुष्काळी कामे मागणे असे लढे झाले. बायकांनी एकत्र येऊन दारूची मडकी फोडली, त्याची आठवण त्या भागातील वृद्ध स्त्रिया सांगत असत. १९७४ मध्ये अंबरसिंग वारले. शहरांतून आलेल्या तरुणांपैकी काही थोडे दिवस राहिले, काही वर्षे राहिले आणि कुमार शिराळकरांसारखा, आय.आय.टी.तच शिकलेला अभियंता, २०२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या लोकांचाच होऊन राहिला.

श्री. गोडबोले हे थोडे दिवस राहिलेल्यांपैकी. ते त्यांनी लपविलेले नाही आणि त्याचा टेंभाही मिरविलेला नाही. 'आम्ही क्रांती केली' असा सूर कोठे लागत नाही, ही त्यांची सभ्यता. आमच्या मते पुस्तकाचा हा भाग इतर पुष्कळ भागांपेक्षा वरच्या दर्जाचा आहे, आणि त्याचे कारण असे की येथे लेखकापाशी उत्तर नव्हते. आय.आय.टी.त प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते. उत्तर नसेल तर प्रश्न चुकीचा असतो. शहाद्याला एक भिल्ल कुटुंब सकाळी काय खाते आणि रात्री काय खाते, हा प्रश्न चुकीचा नव्हता, आणि त्याचे उत्तर कोणत्याच पाठ्यपुस्तकात नव्हते. तेथे ह्या हुशार मुलाला समजावून सांगण्यासारखे काही उरत नाही आणि तो पाहू लागतो.

आमची तक्रार एवढीच की तो पुरेसा वेळ पाहत नाही. एकूण पुस्तकाच्या मानाने हा भाग लहान आहे. आम्ही ह्या मातीतले. आम्हांस तेथला वैशाख हवा होता. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही, मातीच्या भिंतीला पाठ लावली तर ती तव्यासारखी लागते, पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि तरी सालदार मालकाच्या शेतात असतो. हे ऊन म्हणजे निसर्गवर्णन नव्हे; त्या व्यवस्थेचा तो एक भाग होता. सावली कोणाच्या मालकीची आहे, हा शहाद्यात राजकीय प्रश्न होता. मुंबईहून आलेल्या तरुणाच्या अंगाला ते ऊन भाजले असणारच. पानावर ते यावयास हवे होते. पण मुसाफिराला पुढचे गाव गाठावयाचे असते. पुस्तकाच्या नावातच लेखकाने आपली मर्यादा प्रामाणिकपणे सांगून ठेवली आहे, असेही म्हणता येईल.

येथे कोणी विचारील की, फादर, तुमची अपेक्षाच अवास्तव आहे. संगणकाच्या माणसाकडून ऊन-पावसाचे वर्णन कशाला मागता? आमचे उत्तर असे की खानदेशात यंत्र आणि ऋतू ह्यांची फारकत कधी झालेली नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी कशावर गाणी केली? जात्यावर, मोटेवर, शेतातल्या कामावर. जाते हे यंत्रच आणि मोट हेही यंत्रच. बहिणाबाईंना ती यंत्रे समजावून सांगावयाची नव्हती. ती फिरवता फिरवता मन कोठे जाते, ते त्या गात होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी ती गाणी उतरून ठेवली, १९५१ मध्ये बहिणाबाई वारल्यावर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापून निघाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. अत्र्यांनी त्या दिवशी 'विषयाला वजन नाही' असा शेरा मारून ती गाणी परत केली असती तर? हा प्रश्न आम्ही येथे सहज विचारलेला नाही. त्याचे कारण लवकरच कळेल.

धरणगावच्या ठोमरे यांचेही स्मरण होते. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले, त्यात ह्या सतरा वर्षांच्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. पाने, फुले, झरे, संध्याकाळ ह्यांचा हा कवी १९१८ च्या मे महिन्यात भादलीच्या स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून गेला. भुसावळकडे जाताना भादली आले की आम्ही आजही खिडकीबाहेर पाहतो. निसर्ग आणि यंत्र ह्यांची गाठ आमच्या साहित्यात अशी रुळांवर पडलेली आहे.

आणि 'कोसला'? सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकावयास जातो, मेस चालवितो, उधारी करतो, पावसात भटकतो, रोजनिशी लिहितो आणि शेवटी गावी परततो. १९६३ मध्ये श्री. भालचंद्र नेमाडे यांनी हे पुस्तक लिहिले तेव्हा अनेकांना ते उद्धट वाटले. सेमिनरीत असताना आम्हांसही ते उद्धट वाटले होते. त्यातील काही पाने आजही धर्मग्रामाच्या वाचनालयात मोठ्याने वाचून दाखविण्यासारखी नाहीत. परंतु खानदेशचा मुलगा पुण्यात असताना त्याच्या मनात दिवसभर काय चालते, ह्याची नोंद मराठीत प्रथम ह्या पुस्तकाने घेतली. लहान बहिणीच्या मृत्यूची पाने वाचून आम्ही दिवा मालवला तो अंधारात बराच वेळ जागे राहण्यासाठीच. आजची हिंजवडीतील मुले पांडुरंगाचीच नातवंडे आहेत. त्यांना फक्त परत जावयास गाव उरलेले नाही, किंवा गाव आहे पण तेथे करण्यासारखे काम नाही.

आत्मचरित्रापुरते बोलावयाचे तर आपल्या हाताशी एक अस्सल मापदंड आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ ह्या काळात प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या. टिळकांचे घर अमेरिकन मिशनशी जोडलेले. परंतु मराठी ख्रिस्ती माणसाने मराठी साहित्याला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. त्यांचे शिक्षण बेताचेच. तत्त्वज्ञान समजावून सांगण्याची त्यांना कधी गरज भासली नाही. स्वयंपाकघर, सोवळे, पैशांची ओढाताण, पतीचा लहरी स्वभाव, धर्मांतराने आलेली ताटातूट हे सारे त्या अशा रीतीने सांगतात की वाचक हसता हसता थबकतो. त्यांच्या घरी राहणारे ठोमरे, म्हणजे हेच आपले बालकवी, त्या पुस्तकात घरातल्या मुलासारखे वावरतात. थोर कवी म्हणून लक्ष्मीबाई त्यांची ओळख करून देत बसत नाहीत. 'मुसाफिर'मधील थोर माणसे आणि 'स्मृतिचित्रे'तील थोर माणसे शेजारी ठेवून पाहावीत, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते ध्यानी येईल.

असे असले तरी 'मुसाफिर'मध्ये एक भाग असा आहे की जेथे आमची तक्रार गळून पडते. लेखकाचा मुलगा स्वमग्न आहे, हे कळल्यानंतरची ती पाने. जगभर फिरलेला, शेकडो माणसांकडून काम करून घेणारा, कोणताही विषय महिन्याभरात आत्मसात करणारा हा बाप आपल्या लेकरासमोर बसतो आणि त्याला काही करता येत नाही. येथे प्रश्नाचे तुकडे होत नाहीत. ज्ञान येथेही येते. हा आजार नसून ती एक अवस्था आहे, त्यावर गोळी नाही, शिकवण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत, हे सारे लेखक सांगतो. पण ह्या वेळी ज्ञान पुढे धावत नाही, बापाच्या मागून चालत येते. त्या पानांतली वाक्ये आम्हांस आखूड वाटली, आणि नावेही थोडी.

ही पाने आमच्या उपयोगी पडली, हेही सांगितले पाहिजे. आपल्या धर्मग्रामांत अशी मुले असलेली घरे आहेत. पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत बसविले जाते. रविवारच्या मिस्सेला आईवडिलांपैकी एकजण आळीपाळीने घरी राहतो. अशाच एका आईला आम्ही हे पुस्तक दिले. तिने फक्त तीच पाने वाचली आणि पुस्तकाबद्दल एक शब्दही न बोलता पुढच्या रविवारी मुलाला घेऊन ती शेवटच्या बाकावर बसली. परत न आलेल्या दोन प्रतींपैकी एक तिच्याकडे आहे. ती मागण्याचा आमचा विचार नाही.

आता त्या वहीविषयी.

तापीकाठच्या एका गावातील, कोरडवाहू कपाशी करणाऱ्या शेतकऱ्याचा हा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. नाताळच्या सुट्टीत तो आला आणि संकोचत, आपल्या त्रैमासिकासाठी चालेल का, असे विचारून त्याने शंभर पानी वही पुढे केली. आत लहान लहान नोंदी होत्या. कंपनीच्या बसची वाट पाहताना आलेला पाऊस. रात्री दोन वाजता सापडलेली एक चूक, जी फक्त एका स्वल्पविरामाची होती. फूटपाथवर तीस रुपयांत मिळालेली 'स्मृतिचित्रे'. खोलीतल्या तीन मित्रांपैकी कोणी कोणाचा टॉवेल वापरला. आम्ही ती दोन दिवसांत वाचली आणि परत दिली. "लिहितोस बरे, पण विषयाला वजन नाही. एखाद्या संतावर किंवा सामाजिक प्रश्नावर लिही," असे आम्ही म्हणालो. तो 'हो फादर' म्हणाला आणि वही बॅगेत ठेवली.

'मुसाफिर' दुसऱ्यांदा वाचताना आम्हांस ती वही आठवू लागली. पुस्तकात जे आम्ही शोधत होतो, ते वहीत होते आणि आम्ही त्यालाच हलके म्हटले होते. एक नोंद विशेषच आठवते. जून उजाडला की त्याचे वडील रोज रात्री फोन करीत आणि विचारीत, पाऊस कधी? मोबाइलवर उपग्रहाचे ढग दिसतात, टक्केवारी दिसते. मुलाला ती वाचता येते. वडिलांना धूळपेरणी करावयाची होती. म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत सरकी टाकावयाची, आणि पाऊस वेळेवर आला तर उगवण आठवडाभर पुढे मिळते, न आला तर बियाणे गेले. मुलाने पडद्यावर पाहून सांगितले, बाबा, थांबा, अजून आठ दिवस नाही. वडील थांबले. चौथ्या दिवशी पाऊस पडला. शेजाऱ्यांची पेरणी साधली, ह्यांची राहिली. वडील रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा कधी पाऊस विचारला नाही, एवढेच. फोन येतो, जेवलास का विचारतात, ठेवून देतात. नोंदीच्या शेवटी त्या मुलाने लिहिले होते की, हिंजवडीच्या चौदाव्या मजल्यावरून आता ढग दिसले तरी तो मोबाइल पाहत नाही.

समीक्षक म्हणून आम्ही ह्या नोंदीतही दोष काढू शकतो. तीत 'खरोखर' हा शब्द चार वेळा होता. शुद्धलेखन ढिले होते. शेवट किंचित नाटकी होता. चौदावा मजला नसता तरी चालले असते. परंतु यंत्र काय करते आणि काय करू शकत नाही, शहरात राहणारा मुलगा आपल्या बापाचा किती उरतो, माहिती असणे आणि शेत असणे ह्यांत किती अंतर आहे, हे सारे त्या पान-दीड पानात होते, आणि ते कोणीही समजावून सांगितलेले नव्हते. आम्ही मात्र त्याला संतचरित्र लिहावयास सांगितले. आचार्य अत्र्यांशी आमची तुलना होण्याची भीती नव्हतीच. पण निदान दोन वेळा वाचावयास काय हरकत होती?

श्री. गोडबोले यांच्यावर ह्या लेखात आम्ही जी टीका केली, तिच्यातला बराच भाग आमच्यावरही लागू होतो. चाळीस वर्षांच्या पोथीवाचनाने आम्हांसही समजावून सांगण्याची सवय जडलेली आहे. आमची प्रवचने ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

गेल्या महिन्यात आम्ही त्या तरुणाला पत्र टाकले. वही अजून असेल तर पाठव, असे लिहिले आणि आमचे चुकले हेही लिहिले. उत्तर मोबाइलवर आले. खोली बदलताना सामानात वही कोठे गेली ते सापडत नाही, पण पावसाची ती नोंद आठवून पुन्हा लिहितो, असे तो म्हणतो. वडिलांना दाखवून मगच पाठवीन, अशी त्याने अट घातली आहे. वडिलांना वाचता येते. मात्र यंदा कपाशीची वेचणी उशिरा चालू आहे आणि ती उरकल्याशिवाय ते कागद हाती धरणार नाहीत.